दोघांत तिसरा आला की…

दोन मैत्रिणी गप्पा मारत बसल्यात. तिसरी येऊन शेजारी टेकते. ती अजून एक शब्दही बोललेली नसते, तरी गप्पांचा रंग बदलतोच! विषय बदलतो, आवाज बदलतो, कोण कोणाकडे बघून हसतं तेही बदलतं. एकच तर माणूस वाढलं, मग एवढा फरक कसा पडतो?

जर्मनीतल्या गेओर्ग झिमेल यांनी याचा फार बारकाईने विचार केला. १८५८ साली बर्लिनमध्ये जन्मलेले झिमेल म्हणजे समाजशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. पैसा, शहरं असे मोठे विषय त्यांनी हाताळलेच, पण जेवण, फॅशन, गुपितं यांवरही लिहिलं. त्यांची नजर बघा कशी होती! ते म्हणत, आगगाड्या आणि ट्राम येण्याआधी अनोळखी माणसांकडे बघत, चकार शब्द न बोलता कितीतरी वेळ बसून राहायची वेळ माणसांवर आलीच नव्हती. खरंच की!

तर दोन आणि तीन. समजा, घरात तू आणि ताई दोघंच आहात आणि डब्यातला शेवटचा लाडू गायब झाला. तू खाल्ला नाहीस ना? मग कोणी खाल्ला, ते तुला पक्कं ठाऊक! पण दादाही घरात असेल तर? आता नुसता संशय. दोघांत कुणाला लपायला जागाच नसते. शिवाय दोघांतला एक रुसून निघून गेला की सगळंच संपतं. तिघांतला एक गेला, तरी जोडी उरते.

आणि हा तिसरा काय काय करू शकतो! भांडणाऱ्या दोघांची समजूत घालतो. नाहीतर ‘दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ’ म्हणत आपला फायदा करून घेतो. कधी तर मुद्दाम भांडण लावून देतो. १९०८ सालच्या आपल्या जाडजूड ग्रंथात झिमेलनी हे सगळं मांडलं. घरातल्या तिघांना लागू पडतं तेच तीन देशांनाही, हे मला त्यातलं सगळ्यात भारी वाटतं.

त्यांची व्याख्यानं ऐकायला गर्दी व्हायची. तरी ते ज्यू घराण्यातले म्हणून त्यांच्याविषयी आकस होता, आणि पूर्ण प्राध्यापकपद मिळालं थेट १९१४ साली, मृत्यूच्या चार वर्षं आधी. केवढा अन्याय! पण बर्लिनमध्ये त्यांची व्याख्यानं ऐकलेले रॉबर्ट पार्क पुढे अमेरिकेत शिकागोला शिकवू लागले आणि विद्यार्थ्यांना शहरात हिंडून माणसं बघायला पाठवू लागले. आज माणसांच्या ओळखींची जाळी अभ्यासणारेही तिघांच्या गटापाशी हमखास थांबतात: माझे दोन मित्र एकमेकांचे मित्र आहेत का?

आता तुमचा वर्ग घ्या. ४० मुलं असतील, तर दोघादोघांच्या जोड्या होतात ७८०. आणि तिघातिघांचे वेगवेगळे गट? तब्बल ९,८८०!