शॉवरच्या तुषारांतील धोका

कारखान्यात कामगारांसाठी शॉवरची सोय करणाऱ्या उद्योजक ग्राहकांनी ‘लिजिओनेला’ या जिवाणूची माहिती ठेवणे अगत्याचे आहे. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातील एका हॉटेलात जमलेल्या माजी सैनिकांमध्ये न्यूमोनियाची साथ पसरली. तिच्या शोधातून हा जिवाणू उजेडात आला. २० ते ४५ अंश सेल्सियस तापमानाच्या साचलेल्या पाण्यात तो वाढतो आणि सूक्ष्म तुषारांवाटे श्वासातून फुप्फुसांत शिरतो.

यास्तव गरम पाणी टाकीत किमान ६० अंशांवर साठवावे. मात्र कोणी भाजू नये म्हणून नळाशी थंड पाणी मिसळण्याची व्यवस्था असावी. वापरात नसलेल्या शॉवरमधून आठवड्यातून एकदा, तुषार न उडवता, काही मिनिटे पाणी सोडावे. शॉवरच्या जाळीवरील क्षार दर तीन महिन्यांनी काढावेत. दिवाळीच्या सुट्टीनंतर यंत्रांबरोबर नळांचीही तपासणी व्हावी.