थंडी नाल्यात का उतरते?

गेल्या नाताळच्या सुटीत एका माध्यमिक शाळेच्या स्काऊट पथकाबरोबर तीन दिवस राहण्याचा योग आला. छावणी यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातील एका नाल्याकाठी होती. तेवीस मुले, दोन स्काऊटर आणि रात्री आकाशातील तारे दाखविण्यासाठी बोलावलेला मी. तारे ठरल्याप्रमाणे दाखविले. पण त्या रात्रीचा मुख्य धडा थंडीने दिला, आणि तो मुलांइतकाच मलाही मिळाला.

जागा आम्ही विचार करूनच निवडली होती. जमीन सपाट, पाणी हाताशी, आणि दोन्ही बाजूंच्या टेकाडांमुळे वारा मुळीच नाही. संध्याकाळी गुरे घेऊन परतणारे एक वृद्ध शेतकरी थांबले आणि म्हणाले, "गुरुजी, पोराइले नाल्याकाठी नका निजवू. रात्री थंडी तिथंच येऊन बसते." आम्ही हसून त्यांना नमस्कार केला. एवढ्याशा अंतरात थंडीत कसला फरक पडणार, असे मला वाटले. वीस वर्षे पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या माणसाला असे वाटावे, हे कबूल करताना आज संकोच होतो.

पहाटे तीनच्या सुमारास एका संघनायकाने मला उठविले. आठवीतला एक मुलगा कुडकुडत होता. त्याचे बोलणे अडखळत होते आणि शर्टाचे बटण त्याला लावता येत नव्हते. संध्याकाळी तो नाल्यात हातपाय धुताना भिजला होता आणि त्याच ओल्या बनियनवर झोपला होता. स्काऊटरांनी त्याचे ओले कपडे काढले, कोरडे कपडे घातले, दोन घोंगड्यांत गुंडाळून त्याला दोन मुलांच्या मधे बसविले आणि तो नीट शुद्धीवर आहे हे पाहून गरम गोड चहा थोडाथोडा पाजला. अर्ध्या तासाने तो हसला, तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

शरीराच्या आतील तापमान 37 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ते 35 च्या खाली गेले की धोका सुरू होतो. त्यासाठी हिमालयातच जावे लागते असे नाही. आठ-दहा अंशांच्या रात्री ओले कपडे अंगावर असले तरी पुरे. एक ग्रॅम पाण्याची अंगावर वाफ होताना सुमारे 580 कॅलरी उष्णता खर्च होते. कपड्यात 200 ग्रॅम पाणी असेल आणि ते सर्व अंगाच्या उबेने सुकवायचे असेल, तर झोपलेल्या माणसाच्या शरीरातून दीड तासाहून अधिक काळात बाहेर पडणारी सगळी उष्णता त्यातच जाईल. शिवाय पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे चोवीसपट आहे. एक गोष्ट विशेष लक्षात ठेवा. कुडकुडणे थांबून मुलगा झोपाळू होऊ लागला, तर तो बरा झाला असे समजू नका. तेव्हा ताबडतोब डॉक्टरांकडे न्यायला हवे.

याच गडबडीत आणखी एक संकट थोडक्यात टळले. तंबू गरम करावा म्हणून दोन मुले शेकोटीतले निखारे घमेल्यात भरून घेऊन आली. मीही घमेल्याला हात लावला होता! थोरल्या स्काऊटरांनी आम्हाला दारातच अडविले. धगधगत्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक घट्टपणे संयोग पावतो. बंद तंबूत झोपलेल्यांना तो जागेही होऊ देत नाही. मला हे रसायन ठाऊक होते, पण पहाटे तीन वाजता आठवले नाही.

सकाळी मुलांनी विचारले, "सर, आजोबा म्हणाले ते खरे होते का?" दुसऱ्या पहाटे आम्ही दोन सारखे तापमापक सारख्याच उंचीच्या काठ्यांना टांगले, एक नाल्याकाठी आणि दुसरा तीसेक फूट उंच टेकाडावर. साडेपाच वाजता नाल्याकाठचा तापमापक तीन अंश कमी दाखवीत होता!

असे का व्हावे? प्रत्येक पदार्थ प्रारणाने उष्णता बाहेर टाकीत असतो. दहा अंश तापमानाची जमीन दर चौरस मीटरमधून सुमारे 360 वॉट टाकते. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल, तर हवेतील बाष्प व कार्बन डायऑक्साइड त्यापैकी साधारण तीन चतुर्थांश परत पाठवितात. उरलेले नव्वदएक वॉट गेले ते गेलेच. (झोपलेला माणूस सत्तर-ऐंशी वॉट निर्माण करतो. म्हणजे हे नुकसान काही लहान नाही.) ढग असले तर ते बहुतेक सगळी उष्णता परत देतात, म्हणून ढगाळ रात्र उबदार वाटते. जमीन थंड झाली की तिला टेकलेली हवा थंड होते. तीन अंशांनी थंड हवा सुमारे एक टक्का जड असते. एवढ्यावरही ती उतारावरून हळूहळू सरकते आणि खोलगट जागी साचते. वारा असता तर त्याने ती ढवळून टाकली असती. आम्ही जो आडोसा म्हणून पसंत केला, त्यानेच थंडीला बसायला जागा दिली.

हसण्याची चूक करणारे आम्ही पहिले नव्हतो. विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनच्या डॉक्टरांनी दवाविषयीचा आपला प्रसिद्ध निबंध 1814 साली छापला. कोवळ्या रोपांवर माळी पातळ चटया टाकतात, याचे त्यांनाही आधी हसू येई. एवढ्याशा चटईने हवेची थंडी कशी अडणार? पुढे त्यांनी चार काठ्यांवर एक तलम रुमाल गवतापासून सहा इंच वर ताणून बांधला, आणि त्याखालचे गवत उघड्या गवताहून बरेच उबदार राहिलेले त्यांना आढळले. रुमाल गवत आणि आकाश यांच्या मधे आला होता.

दुसऱ्या रात्री आम्ही बिऱ्हाड टेकाडावर, आंब्यांच्या झाडांखाली हलविले. वाळक्या फांद्या वर नाहीत ना, हे आधी पाहिले. साग जवळ होते, पण हिवाळ्यात त्यांची पाने गळत असतात, आणि आम्हाला तर आकाश झाकणारे छप्पर हवे होते. रात्री झाडे कार्बन डायऑक्साइड सोडतात म्हणून झाडाखाली झोपू नये, अशी शंका एका मुलाने काढली. उघड्यावर त्याचे प्रमाण नगण्य असते. शेजारी झोपलेला मित्र त्याहून पुष्कळ अधिक सोडतो! सतरंजीखाली कडब्याचा वीतभर थर घातला, कारण जमीन वहनाने उष्णता ओढून घेते आणि कडब्यात कोंडलेली हवा तिला अडविते. पांघरुणांपेक्षा या अंथरुणानेच अधिक ऊब दिली, असे मुलांचे मत पडले. संध्याकाळी प्रत्येकाचे कपडे कोरडे आहेत की नाही, हे संघनायकांनी हात लावून पाहिले. त्या रात्री कोणी कुडकुडत उठले नाही.

शेवटच्या पहाटे दोन मुलांनी वेल्सचा प्रयोग नाल्याकाठच्या गवतावर करून पाहिला. स्काऊटचा स्कार्फ त्रिकोणी, म्हणून काठ्या तीनच लागल्या. सूर्य उगवला तेव्हा भोवतालचे गवत दवाने निथळत होते. स्कार्फ वरून चिंब भिजला होता. आणि त्याच्याखाली गवताचा एक त्रिकोणी, जवळजवळ कोरडा तुकडा होता, ज्यावर एक नाकतोडा बसला होता.