कल्हईआधी भांडं घासावंच लागतं
सिरॅमिक कोटिंगपूर्वीची तयारी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पितळेच्या पातेल्याला कल्हई करणारा कारागीर कथलाला हात लावण्याआधी पातेलं घासण्यात बराच वेळ घालवतो. काळपटपणा आणि चिकटा पुरता गेल्याशिवाय नवसागराची आणि कथलाची पाळी येत नाही. मळावर कथील धरत नाही, आणि धरलंच तर लवकर सुटतं. गाडीवरच्या सिरॅमिक कोटिंगचंही तसंच आहे.

हे कोटिंग म्हणजे सिलिकावर आधारलेलं द्रावण. ते रंगावर पसरलं की त्यातला द्रावक उडून जातो आणि मागे काचेच्या जातीचा पारदर्शक थर उरतो. त्याची जाडी साधारण एक-दोन मायक्रॉन, कधी त्याहूनही कमी. आपल्या डोक्यावरचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. एवढा पातळ थर खालचं काही झाकत नाही आणि खालचा मळ बाहेरही काढत नाही. जे असेल ते तसंच्या तसं बंद करून ठेवतो. म्हणून कोटिंग किती टिकेल आणि कसं दिसेल, हे बरंचसं बाटली उघडण्याआधीच ठरलेलं असतं. तरीही गाडीमालक चौकशी करतो ती ब्रँडची आणि वॉरंटीच्या वर्षांची. तयारीच्या बाबतीत मात्र ऐकीव समजुतींवर भागवलं जातं. त्यातल्या नेहमी कानावर पडणाऱ्या समजुती एकेक करून तपासू.

गैरसमज १: गाडी नवीकोरी आहे, तिला कसली तयारी?

वस्तुस्थिती: पाडव्याला किंवा दसऱ्याला हार घालून घरी आणलेली गाडी आपल्यासाठी नवी असते, तिच्या रंगाने मात्र तोवर बराच प्रवास केलेला असतो. चाकणच्या कारखान्यातून निघालेली गाडी ट्रेलरवर किंवा मालगाडीवर चढते, मग विक्रेत्याच्या उघड्या यार्डात ऊन, धूळ आणि दव खात उभी राहते. वाटेत तिच्यावर लोहमार्गावरचे आणि ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण बसतात. यार्डात बोअरच्या पाण्याने धुतली असेल तर क्षारांचे डाग पडतात. ताब्यात देण्याच्या सकाळी कुणीतरी घाईघाईने एकाच फडक्याने अख्खी गाडी पुसून चकचकीत करतो, आणि पहिले बारीक ओरखडे बहुधा तिथेच उमटतात.

म्हणून नव्या गाडीलाही सफाई लागतेच. पॉलिश मात्र हलकं पुरतं, कधी लागतही नाही. कोटिंग बाहेरून करून घ्यायचं ठरलं असेल तर शोरूमला आधीच सांगून ठेवा: आतून स्वच्छ करा, पण बाहेरून पुसू नका, पॉलिश मारू नका. ही विनंती फुकट आहे आणि तिने पुढची बरीच मेहनत वाचते.

गैरसमज २: शाम्पूने धुतली म्हणजे गाडी स्वच्छ झाली.

वस्तुस्थिती: धुण्याने निघते ती वर बसलेली धूळ. रंगात रुतलेलं पाण्याने आणि शाम्पूने निघत नाही. धुवून वाळवलेल्या बॉनेटवरून पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून बोटं हलकेच फिरवा. डोळ्यांना आरशासारखा दिसणारा रंग बोटांना खरखरीत लागेल. पिशवीमुळे बोटांची घर्षणाची जाणीव कमी होते आणि बारीक खडबड नीट कळते.

ही खडबड वेगवेगळ्या गोष्टींची असते, आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे. नव्या डांबरी रस्त्यावरून गेल्यावर दारांच्या खालच्या भागावर काळे ठिपके बसतात. ते डांबर विरघळवणाऱ्या द्रावकाने निघतात. ब्रेक लावताना झिजणाऱ्या डिस्कचे तापलेले लोहकण रंगाला चिकटतात आणि नंतर गंजतात. पांढऱ्या गाडीवर चहाच्या भुकटीसारखे तपकिरी ठिपके दिसतात, ते हेच. त्यांच्यासाठी आयर्न रिमूव्हर वापरतात. त्यात बहुधा थायोग्लायकोलेट वर्गातलं रसायन असतं. ते लोहाशी अभिक्रिया करतं आणि फवारलेलं पाणी जांभळं होऊन ओघळतं. रेल्वे रुळांशेजारी किंवा वेल्डिंगच्या कारखान्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीवर हा जांभळा रंग किती उतरतो, ते एकदा बघण्यासारखं आहे. हे रसायन रंगावर वाळू द्यायचं नाही आणि उन्हात वापरायचं नाही, एवढं पथ्य पाळावं लागतं.

एवढं करूनही उरलेली खडबड काढण्यासाठी क्ले असते. मळलेल्या कणकेसारखा हा गोळा चपटा करून, भरपूर ओलाव्यावर, जोर न देता सरळ रेषेत फिरवायचा. रंगातून वर डोकावणारे कण तो उपटून घेतो. गोळा मळला की घडी घालून आतली स्वच्छ बाजू बाहेर आणायची. आणि तो जमिनीवर पडला, तर कितीही महाग असला तरी फेकून द्यायचा. त्याला चिकटलेला एक खडा अख्ख्या दारावर रेघ ओढतो.

धुण्याची रीतही महत्त्वाची. सोसायटीत रोज पहाटे एका बादलीत आणि एकाच फडक्यात दहा गाड्या पुसल्या जातात. त्या फडक्यात पहिल्या गाडीची वाळू दहाव्या गाडीपर्यंत जाते. दोन बादल्या ठेवाव्यात, एक शाम्पूची आणि एक हातमोजा खंगाळण्याची. वरून खाली यावं, सगळ्यात घाण असलेला तळाचा पट्टा शेवटी घ्यावा. कोरड्या धुळीवर फडकं किंवा झटकणी कधीही फिरवू नये.

गैरसमज ३: कोटिंग केलं की ओरखडे झाकले जातात.

वस्तुस्थिती: हे म्हणणं विकणाऱ्याच्या सोयीचं आहे. ओरखड्याच्या कडांवरून प्रकाश विखुरतो म्हणून तो दिसतो. एक-दोन मायक्रॉनचा पारदर्शक थर त्या कडांच्या चढउतारांवरूनच बसतो, त्यांना बुजवत नाही. उलट वर चकाकी वाढल्याने गडद रंगाच्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे जास्त उठून दिसू शकतात. ते खरं तर सगळ्या दिशांनी गेलेले असतात. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती, त्याला आडव्या जाणाऱ्या रेघाच तेवढ्या उजळतात, म्हणून गोल भासतात.

मग काही ठिकाणी कोटिंगनंतर ओरखडे गेलेले दिसतात, ते कसे? कोटिंगआधी पॉलिश झालेलं असतं म्हणून, किंवा तेलकट ग्लेझ भरून ते तात्पुरते लपवलेले असतात म्हणून. दुसऱ्या प्रकारात ते काही धुण्यांनंतर परत दिसू लागतात. तोवर वर कोटिंग बसलेलं असतं आणि ते काढायचं तर पुन्हा पॉलिशच करावं लागतं. म्हणजे एकाच कामाचे दोनदा पैसे.

गैरसमज ४: रबिंग-पॉलिश जितकं जास्त, तितकी गाडी चांगली.

वस्तुस्थिती: पॉलिश म्हणजे लेप नव्हे, झीज. ओरखडा भरून येत नाही. त्याच्या आजूबाजूचा पृष्ठभाग त्याच्या तळापर्यंत उतरवला जातो. हे समजून घ्यायचं तर रंगाचे थर ठाऊक हवेत. पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन, काही गाड्यांत त्याहून कमी. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास. पॉलिश करायला हाताशी असतो तो एवढाच, आणि त्यातलाही थोडासाच भाग. अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवणारी द्रव्यं याच थरात असतात. तो फार झिजला की काही वर्षांनी छप्पर आणि बॉनेट पांढुरके पडतात, पापुद्रे सुटतात. मग पुन्हा रंग मारण्यावाचून इलाज नसतो.

म्हणून जाणता कारागीर मशीन हातात घेण्याआधी जाडीमापक हातात घेतो. प्रत्येक पॅनलवर चार-पाच ठिकाणी आकडे बघतो. मूळ रंगाचे आकडे एकमेकांच्या जवळपास असतात. एखाद्या दारावर अचानक २५०-३०० आले तर तिथे पुन्हा रंगकाम झालेलं आहे, आणि आकडा त्याच्याही कितीतरी पुढे गेला तर खाली पुट्टी आहे. हा मापक एकूण जाडी सांगतो, एकट्या क्लिअर कोटची नाही, आणि नेहमीच्या वापरातला मापक प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही. तिथे हात राखूनच काम करावं लागतं.

त्यानंतर एक फूटभर जागेवर चाचणी घ्यायची: सगळ्यात सौम्य पॉलिश, मऊ पॅड. काम भागलं तर तेच गाडीभर, नाही भागलं तरच एक पायरी वर. थेट जाड कंपाउंड आणि लोकरी पॅडने सुरुवात करणं म्हणजे गरज नसताना रंग उडवणं. नुसतं गोल फिरणारं रोटरी मशीन लवकर उष्णता निर्माण करतं आणि कडांवरचा रंग चटकन उतरवतं. फिरता फिरता डोलणारं ड्युअल ॲक्शन मशीन नवशिक्याच्या हातात त्यामानाने सुरक्षित. कडा आणि दारांवरच्या उठावदार रेषांवर रंग मुळातच पातळ असतो. तिथे चिकटपट्टी लावावी.

आणि सगळे ओरखडे काढायचा हट्ट नको. ज्या ओरखड्यात नख अडकतं, तो सहसा पॉलिशच्या आवाक्याबाहेरचा. तो थोडा बोथट करून सोडून देण्यात शहाणपण आहे. रोज वापरायच्या गाडीचा क्लिअर कोट हे तिचं आयुष्यभराचं भांडवल आहे.

गैरसमज ५: पॉलिशनंतर आरशासारखी चकाकली, आता लगेच कोटिंग लावा.

वस्तुस्थिती: त्या चकाकीत थोडा वाटा पॉलिशमधल्या तेलाचा असतो. हे तेल बारीक ओरखड्यांत भरून त्यांना लपवतं आणि कोटिंगला क्लिअर कोटशी जुळू देत नाही. लोणच्याची बरणी नुसती धुतलेली चालत नाही, कोरडी ठणठणीत लागते, इथेही तसंच. आयसोप्रोपिल अल्कोहोलचं पाणी घालून सौम्य केलेलं मिश्रण किंवा कोटिंग बनवणाऱ्याने सुचवलेलं पॅनल वाइप घेऊन, स्वच्छ मायक्रोफायबरने एकेक पॅनल पुसायचं आणि कापड वारंवार पालटायचं. तेल गेल्यावर टॉर्चच्या उजेडात रंगाचं खरं रूप दिसतं. ओरखडे राहिले असतील तर ते आत्ता दिसलेले बरे.

भांडी घासायच्या साबणाने धुतली की जुनं मेण, तेल सगळं निघतं, अशीही एक समजूत आहे. त्याने काही मेण सैल होतं, पण सिलिकायुक्त जुना सीलंट जागचा हलत नाही. तो पॉलिशनेच निघतो.

गैरसमज ६: कोटिंग कुठेही आणि केव्हाही लावता येतं.

वस्तुस्थिती: बरीचशी कोटिंगं हवेतल्या बाष्पाशी अभिक्रिया होऊन घट्ट होतात. त्यामुळे आषाढात मुंबईत किंवा रत्नागिरीत ती झपाट्याने आवळतात आणि पुसायला उसंत मिळत नाही. वैशाखातल्या उन्हात तापलेल्या बॉनेटवरही तेच होतं. वेळेत न पुसलेला भाग गडद, इंद्रधनुषी डागासारखा घट्ट होऊन बसतो आणि मग पॉलिश करूनच काढावा लागतो. म्हणून बंदिस्त, धूळ नसलेली जागा, भरपूर उजेड आणि हाताला थंड लागणारा पत्रा हवा. लावल्यावर साधारण पहिला दिवस पाणी लागू द्यायचं नाही आणि आठवडाभर शाम्पू टाळायचा. नेमकी मुदत बाटलीसोबतच्या सूचनांत दिलेली असते.

डेंटिंग-पेंटिंग करून आणलेल्या पॅनलचा विचार वेगळा. कारखान्यात गाडीचा रंग साधारण १४० अंशांवर भाजून निघतो. गॅरेजच्या बूथमध्ये तो सुमारे ६० अंशांवर वाळतो आणि त्यातला द्रावक पुढे काही आठवडे हळूहळू बाहेर पडत राहतो. त्याला पुरेसा वेळ द्यावा, सहसा महिना ते तीन महिने. वापरलेल्या रंगाच्या कंपनीची सूचना पेंटरकडून विचारून घ्यावी.

गैरसमज ७: ‘९ एच’ कोटिंग इतकं कठीण आहे की तयारीतली कसर चालून जाते.

वस्तुस्थिती: ९ एच ही पेन्सिलच्या शिशांनी घेतलेल्या चाचणीतली श्रेणी आहे. त्या मोजपट्टीवर ९ एच म्हणजे सगळ्यात कठीण पेन्सिल. खनिजांच्या मोह्‌स श्रेणीतला नववा क्रमांक, नीलमणी आणि माणिक ज्यात येतात, त्याच्याशी तिचा संबंध नाही. रस्त्यावरची वाळू कोटिंगवरही ओरखडे पाडते. उडालेला दगड तर त्याला जुमानत नाही; त्यासाठी १५०-२०० मायक्रॉनची पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, लागते. कोटिंगचं खरं काम वेगळं आहे: पाणी आणि चिखल सहज निथळू देणं, पक्ष्यांची विष्ठा धुवून टाकायला थोडी जास्त उसंत देणं, चकाकी टिकवणं. हे काम ते चोख करतं, पण खाली स्वच्छ रंग मिळाला तरच.

तेव्हा कोटिंग करून घ्यायला जाल तेव्हा वॉरंटीची वर्षं विचारण्याआधी हे प्रश्न विचारा. गाडी तुमच्याकडे किती वेळ राहील? लोहकण काढणार का, क्ले फिरवणार का? रंगाची जाडी मोजणार का, आणि आकडे मला दाखवणार का? पॉलिशनंतर तेल पुसून, कोटिंग लावण्याआधी मला उजेडात गाडी बघता येईल का? नीट तयारीला एक पूर्ण दिवस, जुन्या गाडीला दोन-तीन दिवसही लागतात. दोन तासांत गाडी तयार करून देतो म्हणणाऱ्याकडे गाडी सोडू नका. आणि पैसे मोजकेच असतील तर कोटिंग स्वस्तातलं घ्या, पण तयारीत काटकसर करू नका.