गोण्यांचा बंधारा दरवर्षी का बांधायचा?



जव्हार-मोखाड्याकडच्या पाड्यांवर आम्ही दरवर्षी गोण्यांचे बंधारे घालतो, हे आपल्याला ठाऊक आहे. पावसात वाहून जाणाऱ्या या बंधाऱ्याऐवजी सिमेंटचा पक्का बंधारा का नाही, असे काही मंडळ्यांनी विचारले आहे. खर्च उचलायचीही त्यांची तयारी आहे. विचारणा प्रेमाची आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

इथे पाऊस कमी नाही. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहून जास्त. तरीही मार्चनंतर बायकांच्या डोक्यावर हंडे असतात, कारण उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि खाली काळा कातळ. पाणी ओहळांतून पिंजाळ, सूर्या, वैतरणेला मिळते आणि निघून जाते. मुंबईला पाणी देणारी वैतरणेवरची धरणे याच भागात आहेत. पाड्यावरची विहीर मात्र उन्हाळ्यात तळ दाखवते.

ज्याला वनराई बंधारा म्हणतात, तो भात कापणीच्या सुमारास, ओहळाची धार मंदावली की घालायचा. जागा अरुंद, दोन्ही काठ घट्ट आणि तळाला कातळ असलेली हवी. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या डोहातल्याच गाळाने भरायच्या, म्हणजे डोहही खोल होतो. काठ खणून माती घेऊ नये, तो पुढच्या पुरात ढासळतो. तोंडे शिवून गोण्या विटांसारख्या रचायच्या, वरच्या थराचा सांधा खालच्या गोणीच्या मध्यावर. पायथा रुंद, आणि पाण्याच्या बाजूला चिकणमाती दाबून बसवलेली. मधला भाग थोडा खाली ठेवायचा, जादा पाणी तिथून जाते, काठ कापत नाही. पाच मीटर रुंद ओहळात साठ मीटरपर्यंत सरासरी अर्धा मीटर पाणी अडले, तर दीड लाख लिटर होते. शिवाय काठात मुरलेले पाणी खालच्या विहिरीला मिळते. जून गाठेल असे मात्र समजू नका. फेब्रुवारी-मार्चपर्यंत टिकले तरी आम्ही समाधान मानतो.

आता खरी अडचण. याच दिवसांत, दिवाळी झाली की, माणसे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघतात. मुलेही जातात, शाळा सुटते. बंधारा त्याआधी झाला आणि काठावर भाजीपाला, हरभरा किंवा मोगरा लागला, तर दोन-चार घरे मागे राहतात. ती राहिली तर फुटलेली गोणी बदलणारे कोणी असते. पाण्यामुळे माणसे राहतात आणि माणसांमुळे पाणी. दोन्हींची मुदत ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या त्या काही आठवड्यांची.

पक्का बंधारा वाईट नाही. पण त्याच्या पाठीशी दरवर्षी गाळ साचतो, फळ्या हरवतात, आणि दुरुस्ती कोणाची हे ठरत नाही. गोण्यांच्या बंधाऱ्यासाठी पाड्याला दरवर्षी एकत्र बसावेच लागते. जागा कोणती, पंप कोण लावणार, गुरांचे पाणी कुठे, धुणे कुठे, सगळे तिथे ठरते. एका बैठकीत मावशींनी आग्रह धरला, की वरच्या डोहात विष टाकून मासे मारायचे नाहीत, कारण तेच पाणी त्या भरतात. तो ठराव झाला. बाहेरच्या पैशाने बांधलेल्या भिंतीपाशी अशी बैठक मी पाहिलेली नाही.

कायदाही पाड्याच्या बाजूने आहे. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या लहान जलसाठ्यांचे नियोजन पंचायतींकडे दिले. 2006 च्या वनहक्क कायद्याने पाणलोट आणि पाण्याचे स्रोत जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. हे ग्रामसभेत वाचून दाखवणे, हेही आमचे एक काम.

एक गोष्ट आम्हाला बोचते. गोण्या प्लास्टिकच्या. उन्हाने त्यांचे तुकडे होतात आणि पहिल्या पुराबरोबर खाडीपर्यंत जातात. म्हणून मे महिन्यातच गोण्या रिकाम्या करून काढायच्या, असे आता पाड्यांवर ठरते. बंधारा घालण्याइतका उत्साह या कामाला नसतो, हे खरे.

तेव्हा पक्क्या बंधाऱ्याच्या पैशांऐवजी आमची मागणी वेगळी आहे. आपल्या मंडळीत कोणाचे घर किंवा इमारत बांधून होत असेल, तर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या फेकू देऊ नका. झटकून, न फाटलेल्या तेवढ्या पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्यांत बांधून, सप्टेंबरअखेर आमच्याकडे पोचवा. सोबत सुतळी आणि दाभण असतील तर उत्तमच.