बाप्तिस्म्याविना तारण आहे का?

ख्रिस्ती माणसाचे तारण विश्वासाने होते, की त्यासाठी पाण्याचा बाप्तिस्माही घ्यावाच लागतो, हा प्रश्न नव्या करारातच उभा आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू निकदेमाला पाण्यापासून व आत्म्यापासून जन्म घेण्याची अट सांगतो. उलट लूकमध्ये वधस्तंभावरच्या गुन्हेगाराला पाण्याचा थेंबही न लागता सुखलोकाचे वचन मिळते. कर्नेल्याच्या घरी तर पवित्र आत्मा आधी उतरतो, पाणी मागाहून येते. दोन्ही बाजूंचा आधार एकाच ग्रंथात असल्यामुळे निव्वळ वचने मोजून हा वाद मिटणारा नव्हता.

रोमन कॅथलिक चर्चने १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत बाप्तिस्मा तारणासाठी आवश्यक असल्याचे ठरवले. मात्र संस्कारापूर्वी श्रद्धेसाठी प्राण देणारा, किंवा बाप्तिस्म्याची इच्छा मनात असताना मरण पावलेला, यांना ते चर्च तारणाबाहेर धरत नाही. बाप्तिस्म्यापूर्वी दगावलेल्या अर्भकांचे काय, यावर शतकानुशतके कठोर उत्तर दिले गेले. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाने त्यांच्या तारणाची आशा धरण्यास आधार असल्याचे मान्य केले. दुसऱ्या टोकाला आहे मुक्तिफौज. १८८२ पासून मुंबईत आणि पुढे नगर भागात काम करणारी ही मंडळी बाप्तिस्मा देतच नाही.

कोल्हापुरात पोचलेले मत या दोहोंच्या मधले. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये तिथे आले. १८७० मध्ये त्यांचे मिशन अमेरिकन प्रेसबिटेरियन मंडळाकडे गेले. प्रेसबिटेरियनांचा वेस्टमिन्स्टर विश्वासअंगीकार सांगतो, की बाप्तिस्म्याची हेळसांड हे मोठे पाप. पण त्याच्याविना कोणी तरूच शकत नाही, इतके तारण त्याला जखडलेले नाही. या परंपरेत विश्वासी आईबापांच्या तान्ह्या मुलालाही बाप्तिस्मा मिळतो. पाळक मूल हाती घेतात, पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने कपाळावर पाणी घालतात, आईबाप वचन देतात आणि मंडळीच्या नोंदवहीत नाव चढते.

मराठी मुलखात अडचण या पाण्याची नव्हतीच. विश्वास मनात ठेवता येई. बाप्तिस्मा घेतला की पंक्ती तुटे, घर तुटे, वारसाहक्कावर गदा येई. (१८५० च्या कायद्याने वारसाहक्क राखला, पंक्ती मात्र कोणता कायदा राखणार?) म्हणून पुष्कळ जण मनाने ख्रिस्ताकडे जाऊनही काठावर थांबत. बाबा पदमनजी असेच दीर्घकाळ घालमेलीत होते. अखेर १८५४ मध्ये बेळगावी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला आणि पत्नी लक्ष्मीबाईंशी ताटातूट झाली; पुढे काही वर्षांनी लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला.

पंडिता रमाबाईंची गोष्ट उलट्या दिशेची आहे. त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र आठेक वर्षांनी भेटला, अशी साक्ष त्यांनी पुढे दिली. संस्कार झाला म्हणजे तारण पक्के, या समजुतीला यापेक्षा नेमके उत्तर मराठी ख्रिस्ती वाङ्मयात क्वचितच सापडेल.

टिळक त्याहून पुढे गेले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही ख्रिस्तभक्त घ्यायचे होते. बाप्तिस्मा निरर्थक असे टिळकांचे म्हणणे नव्हते, स्वतः त्यांनी त्याची जबर किंमत मोजली होती. पण परक्या मिशनच्या दाराशी भक्ताला अडवून धरणे त्यांना रुचत नव्हते. ९ मे १९१९ रोजी ते वारले आणि दरबार फारसा फोफावला नाही. वेस्टमिन्स्टरचे कलम कागदावर मान्य करणाऱ्या मंडळ्यांनाही बाप्तिस्मा न घेतलेल्याला आपला म्हणणे जड गेले, हे इथे लपत नाही.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा बाप्टिस्टांसह सहा परंपरा एकत्र आल्या. बालबाप्तिस्मा आणि जाणत्या वयातला बाप्तिस्मा या दोन्ही रीती मान्य केल्याशिवाय ते ऐक्य झालेच नसते. कोल्हापूर धर्मप्रांत याच चर्चचा. पेंटेकॉस्टल मंडळ्या मात्र जाणत्या वयात, पाण्यात पूर्ण बुडवूनच बाप्तिस्मा देतात, आणि तान्हेपणी झालेला बाप्तिस्मा बहुधा धरत नाहीत.

कायदा या सर्वांपेक्षा निःशंक आहे. १९५० च्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका स्त्रीचा असा दावा सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला, तेव्हा तिच्या लहानपणच्या बाप्तिस्म्याची नोंदही पुराव्यात धरली गेली.