तंबाखूच्या पानातील लस

जैविक अस्त्राविरुद्धची लस एका बाबतीत इतर लशींहून निराळी असते. गोवराची लस दरवर्षी ठरावीक प्रमाणात खपते. जैविक हल्ल्यावरील लस मात्र बहुधा कधीच लागत नाही, आणि लागलीच तर अल्पावधीत लक्षावधी लोकांना लागते. २००१ साली अमेरिकेत टपालातून पाठविलेल्या अँथ्रॅक्सच्या बीजाणूंमुळे पाच जण मृत्यू पावले, तेव्हा हा प्रश्न तीव्रतेने पुढे आला.

अँथ्रॅक्सच्या जंतूचे विष तीन प्रथिनांचे बनलेले असते. त्यांपैकी एक पेशीला चिकटते आणि उरलेल्या दोन घातक प्रथिनांना आत शिरण्याची वाट करून देते. एकटे असता ते निरुपद्रवी असते. शरीराने हे वाहक प्रथिन ओळखून अडविले, की विष पेशीबाहेरच राहते. म्हणून त्यास ‘रक्षक प्रतिजन’ म्हणतात. अमेरिकेत १९७० साली मान्य झालेली लस जंतूंच्या संवर्धद्रवापासून करतात. त्यामुळे तीत घातक प्रथिनांचा अंश उतरू शकतो.

सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठातील हेन्री डॅनियल व त्यांचे सहकारी यांनी रक्षक प्रतिजनाचे जनुक तंबाखूच्या हरितलवकात घातले. हरितलवकाची निवड सहेतुक होती. एका पेशीत त्याच्या जनुकसंचाच्या हजारो प्रती असतात, म्हणून प्रथिन विपुल मिळते. शिवाय तंबाखूत हरितलवक सामान्यतः मातृवंशानेच पुढे जात असल्याने परागांवाटे ते जनुक शेजारच्या पिकात जाण्याचा संभव अत्यल्प असतो. तंबाखू हे अन्नही नव्हे.

२००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात हे प्रथिन अंशतः शुद्ध करून, साहाय्यक द्रव्यासह उंदरांना टोचले. पुढे विषाची मारक मात्रा देऊनही ते सर्व उंदीर जगले. दर झाडामागे सुमारे १५० मिलिग्रॅम प्रथिन धरता एका एकरातून ३६ कोटी मात्रा निघतील, असा संशोधकांचा हिशेब होता.

तथापि हा हिशेब उत्पादनाचा आहे, मान्यतेचा नव्हे. लशीची परिणामकारकता तपासण्यासाठी माणसांना अँथ्रॅक्सची बाधा करता येत नाही. अशा औषधांसाठी प्राण्यांवरील पुरावा ग्राह्य धरण्याचा नियम अमेरिकेने २००२ साली केला. पण माणसांसाठीची निर्धोकता माणसांतच सिद्ध करावी लागते. वनस्पतीजन्य लस ही कसोटी उतरू शकते, हे कॅनडाने २०२२ साली मान्य केलेल्या कोविडच्या लशीने दाखविले. पण दुसऱ्याच वर्षी तिची उत्पादक कंपनी गुंडाळण्याचा निर्णय झाला. बियाणे साठवून ठेवता येते. चाचण्या, शुद्धीकरणाची यंत्रणा व मान्यता यांची सिद्धता मात्र संकटापूर्वीच, मागणी नसताना करावी लागते. तिचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न तंबाखूच्या शेताने सुटत नाही.