कोहळ्यात खिमा भरा, आरात भाजा



धानाची कापणी-बांधणी आटोपत आली की सांदवाडीतले आणि कवेलूवर चढलेले कोहळ्याचे वेल वाळू लागतात. फळे उतरवून आपण घरात आणतो. काहींची भाजी होते, काहींची बोंडं होतात, चार-दोन फळे पाहुण्यांकडे जातात. उरलेली कोपऱ्यात पडून कुजतात, नाहीतर गुरांपुढे जातात. त्याच घरातली लेकरं मात्र पुष्कळदा वरण-भातावर, कधी नुसत्या भातावर दिवस काढतात. तेव्हा घरच्या कोहळ्याचे पुरते चीज कसे करावे, ते या पत्रिकेत सांगतो.

कोहळे आणि खिमा ही जोडी का?

आपण ज्याला कोहळे म्हणतो त्याला पश्चिम महाराष्ट्रात लाल भोपळा म्हणतात, कुठे डांगर तर कुठे काशीफळ. आतला गर जितका केशरी, तितके त्यात कॅरोटीन जास्त. त्यापासून आपले शरीर अ-जीवनसत्त्व तयार करते. ते कमी पडले की सांजेला दिसेनासे होते. यालाच आपण रातांधळेपणा म्हणतो. पण कॅरोटीन अंगी लागायला जेवणात थोडा तरी स्निग्धांश हवा. नुसते पाण्यात उकडलेले कोहळे खाल्ले तर त्याचा पुरता उपयोग होत नाही. खिम्यातली चरबी आणि फोडणीचे तेल हे काम करतात. शिवाय मटणातले लोह शरीराला सहज घेता येते.

दुसरा फायदा पैशाचा. पाव किलो खिमा सहा माणसांत वाटला तर कोणाच्या वाट्याला काय येणार? तोच कोहळ्यात भातासोबत भरला तर सगळ्यांना पुरतो.

हा प्रकार नवखा वाटेल, पण जगाला नवा नाही. कोहळे मूळचे अमेरिका खंडातले. तिकडे अर्जेंटिनात मांसाचा रस्सा भाजलेल्या कोहळ्यातच वाढतात. आर्मेनियात कोहळ्यात भात आणि सुका मेवा भरून ते अख्खे भाजतात. आपणही वांगी भरतो, रोडगे गोवऱ्यांच्या आरात भाजतो. या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या की झाले.

फळ निवडा, राखा

नख रुतत नाही आणि देठ वाळला आहे, ते फळ पक्के समजावे. तोडताना दोन इंच देठ ठेवावा. देठ तुटला की तिथूनच कूज शिरते. फळे आठ-दहा दिवस कोरड्या जागी उन्हात ठेवून मग माचावर तणसावर मांडावीत, एकमेकांना लागू देऊ नयेत. खरचटलेले फळ आधी खावे. अशी राखलेली फळे दोन-तीन महिने सहज टिकतात.

भरण्यासाठी दोन किलोच्या आसपासचे फळ घ्यावे. मोठे फळ आतपर्यंत शिजायला फार वेळ लागतो. बियाणे घ्यायचे असेल तर बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे अर्का चंदन हे वाण पाहावे. त्याची फळे दोन-तीन किलोची आणि गोड गराची असतात.

साहित्य

दोन किलोचे कोहळे, पाव किलो बोकडाचा ताजा खिमा, एक वाटी अर्धवट शिजलेला भात, दोन कांदे, आले-लसूण, हळद, तिखट, धने-जिरे, मीठ, मूठभर सांबार आणि दोन पळ्या जवसाचे किंवा शेंगदाण्याचे तेल. मटण न खाणाऱ्यांनी खिम्याऐवजी शिजवलेली हरभऱ्याची डाळ घ्यावी.

कृती

1. देठाकडून तिरका काप देऊन झाकण काढावे, म्हणजे ते आत पडत नाही. बिया आणि दोरे काढून घ्यावेत. बिया धुऊन वाळवून भाजून खाता येतात.

2. कच्च्या गराचा लहानसा तुकडा चाखून पाहावा. कडू लागला तर थुंकून टाकावा आणि ते फळ फेकून द्यावे, गुरांनाही घालू नये. हा कडवटपणा शिजवून जात नाही. त्याने उलट्या-जुलाब होतात. अशा फळाचे बी पुढे धरू नये.

3. तेलात कांदा, आले-लसूण, मसाला परतून खिमा घालावा. लालसरपणा पार जाईपर्यंत तो पूर्ण शिजवावा. मग भात, सांबार आणि अर्धी वाटी गरम पाणी मिसळावे.

4. कोहळ्याला आतून मीठ चोळून सारण भरावे. भात फुगतो, म्हणून वर दोन बोटे जागा सोडावी. झाकण लावून फट कणकेने लिंपावी.

5. वीस-पंचवीस गोवऱ्या पेटवून धूर जाऊ द्यावा. आर झाला की मधे कोहळे ठेवून भोवती आर आणि गरम राख लोटावी. सवा ते दीड तास लागतो. काडी सालीतून अलगद आत गेली की झाले समजा. राख झटकून कोहळे परातीत घ्यावे, फोडी करून सारणासकट वाढावे. करपलेली साल खाऊ नये.

सावधगिरी

खिमा कच्चा भरू नका. मटण कुटले की वरचे जंतू सगळ्या खिम्यात मिसळतात, आणि कोहळ्याच्या मध्यापर्यंत धग उशिरा पोचते. बाहेरून साल काळी पडली तरी आतला खिमा कच्चा राहू शकतो. म्हणून खिमा बाजारातून आणला त्याच दिवशी शिजवा, आणि शिजलेले त्याच जेवणात संपवा. आर तणसाच्या ढिगापासून लांब, मोकळ्या जागी करा. जेवण झाल्यावर त्यावर पाणी ओता. लेकरं जवळ येऊ देऊ नका.

सहा महिन्यांवरच्या बाळाला नुसता भाजलेला गर कुस्करून, थोडे तूप घालून द्यावा. तिखट सारण देऊ नये. सरकारी अ-जीवनसत्त्वाचा डोस नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत मिळतो, तो चुकवू नका. कोहळे त्याच्या जोडीला आहे, बदल्यात नाही. लेकराला सांजेला दिसत नसेल तर घरगुती उपायावर न थांबता प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.

येत्या खरिपात वाडीच्या कडेला शेणखत घालून दोन आळी करा, आळ्यात तीन-चार बिया टाका. वेल कवेलूवर चढला की जमीनही अडत नाही. अर्जुनीच्या बाजारात कोहळ्याला भाव मिळाला तर विकाच, पण दोन-चार चांगली फळे घरच्या लेकरांसाठी माचावर राहू द्या.

— विस्तार अधिकारी (कृषी), अर्जुनी मोरगाव